अर्ज करणाऱ्यांची जात

मी तहसील कचेरीत दफ्तरखान्याचा शिपाई होतो. शाळा सातवीपर्यंत. लोकांचे अर्ज कापडी रुमालात बांधायचे, गाठ मारायची आणि गठ्ठा फळीवर टाकायचा, हे काम मी एकतीस वर्षं केलं. त्यामुळे अर्ज या वस्तूबद्दल मला काडीचा आदर नाही. चार पानांचं रडणं असायचं, वर साहेबांचा शेरा दोन शब्दांचा: ‘दफ्तरी दाखल’. वाचायचं कोण?

म्हातारपणी मी आणि बायको जर्मनीत, र्युसेल्सहाइमला मुलाकडे आलो. तो गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर आहे. ती इथेच गेली, यंदा थंडी सरता सरता. दवाखान्यात मला म्हणाली, “अहो, काहीही करा, पण मला इथल्या मातीत ठेवू नका. प्रवरेत सोडा.” मी हो म्हणालो. मला काय ठाऊक, इथं राखसुद्धा सरकारच्या ताब्यात असते! कलश घरी देत नाहीत, स्मशानातच पुरायचा. परदेशी न्यायचा असेल तर तिथल्या स्मशानाचा दाखला आणा, की जागा आहे. महिनाअखेरपर्यंत कागद आला नाही, तर ती इथेच पुरली जाणार. आणि नदीचं ऑफिस कुठं असतं?

त्याच दिवसांत माझ्या बहिणीची नात भेटायला आली. बॉनला पीएचडी करते.

“कशावर गं तुझा अभ्यास?” मी विचारलं.

“आजोबा, इथल्या कैसरच्या आफ्रिकेत वसाहती होत्या. तिथल्या लोकांनी बर्लिनला अर्ज पाठवले, त्यांच्यावर.”

“म्हणजे लोकांच्या रडण्यावर तू डॉक्टर होणार.”

“हो. आणि तुम्ही त्याच रडण्याला गाठी मारून पेन्शनर झालात.”

पोरगी तिखट आहे. तिनं लॅपटॉपवर जुन्या कागदांचे फोटो उघडून मला मजकूर मराठीत सांगितला. एका गावच्या मुखियाची जमीन मळ्यासाठी घेतलेली. तो कैसरला लिहितो, आपण थोर, आपण दयाळू, आपण आमचे बाप. मला हसू आलं. ज्यानं जमीन लाटली त्यालाच बाप म्हणतोय! पण मी कचेरीबाहेर अर्ज लिहिणारे बघितलेत. त्यांचा मजकूर ठरलेला असायचा. अंगठा देणाऱ्या बिचाऱ्याला ठाऊकही नसायचं, की कागदावर आपण किती वेळा पाया पडलो. त्या मुखियाचंही तेच असणार. कडेला पेन्सिलीनं साहेबाचा शेरा होता, उत्तराची गरज नाही. समुद्र ओलांडला तरी साहेब तोच.

त्याच मुखियाचा पाचवा अर्ज मात्र वेगळा. त्यात बाप नाही, दया नाही. आधीचे चार पोचले का, तेवढं सांगा, एवढंच.

“हा खरा माणूस निघाला,” मी म्हणालो. “मग काय झालं त्याचं?”

“उद्धट म्हणून पकडून नेला.”

मी लॅपटॉप मिटायला लावला.

इकडे माझ्या मुलानं आम्टला, म्हणजे इथल्या कचेरीला, जर्मनमध्ये पत्र लिहिलं होतं. नातीनं ते मला वाचून दाखवलं. वडील खचलेत, अन्नाला शिवत नाहीत, कृपया सहानुभूतीनं विचार व्हावा.

“मी दोन्ही वेळा जेवतो,” मी मुलाला म्हणालो. “खोटं कशाला लिहिलंस?”

“हो, हो, बाबा, पण असंच लिहावं लागतं.”

इंजिनियर झाला, पण अर्जदाराची जात गेली नाही. चार दिवसांत उत्तर आलं, दाखला आणा. इथं फरक एवढाच की आधी वाचतात, मग नाही म्हणतात.

शेवटी गावच्या ग्रामसेवकाला फोन लावला. आवाजावरून पोरगाच वाटला.

“काका, नदीत जागा असल्याचा दाखला कसा देऊ? तसा नमुनाच नाही.”

“नदीकाठच्या स्मशानात जागा आहे, असं लिही.”

“देतो की. अर्ज करा. व्हॉट्सॲपवर टाकला तरी चालेल.”

मी दोन ओळी लिहून पाठवल्या. बायको वारली. स्मशानात जागा असल्याचा दाखला द्या. लगेच त्याचा फोन.

“काका, हा अर्ज आहे का हुकूम? मला वर साहेबांना दाखवावा लागतो. जरा नीट लिहा.”

नात समोरच बसली होती. तिला दिसू नये म्हणून मी कागद घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि ओट्यावर ठेवून उभ्यानंच अर्ज लिहिला. हाताला सगळा मजकूर पाठ होता. मी एक वृद्ध, निराधार, दुःखाने ग्रासलेला, आपल्या कृपेची वाट पाहणारा. ‘निराधार’पाशी थांबलो. मुलाच्या पत्रासारखं यात काही खोटं सापडतंय का म्हणून पुन्हा वाचून बघितलं. सापडलं नाही. त्याचाच जास्त संताप आला. खाली सही ठोकली.

दाखला दोन दिवसांत आला, गोल शिक्क्यासकट. मुलानं त्याचं रीतसर जर्मन भाषांतर करून आणलं. आम्टातल्या बाईनं शिक्का बघितला, मान हलवली आणि परवानगी दिली. नदी कुठली, हे तिनं विचारलंही नाही.

कलश घेऊन बाहेर आलो. वाटला होता त्यापेक्षा जड निघाला.

“द्या बाबा, मी धरतो,” मुलगा म्हणाला.

“आधी अर्ज कर,” मी म्हणालो.

तो हसला नाही. मीही नाही. विमान मंगळवारचं आहे.