एकच यादी, दोन भाव

हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावजवळच्या आमच्या बंजारा तांड्यात फंड हा शब्द मीच आणला. दोन हजार सालानंतर हिंगोलीत एसटी डेपोसमोर टेबल टाकून मी म्युच्युअल फंडांची एजन्सी चालवायचो. इंडेक्स फंड मला मनापासून पटला होता. बाजारातल्या मोठ्या कंपन्यांची ठरलेली यादी, तिच्याप्रमाणे शेअर घ्यायचे, कुणी जास्तीचं डोकं लढवायचं नाही. तांड्यात पैशाची गोष्ट कोणी दाराआड करत नाही, तांड्याचे प्रमुख असलेल्या नाईकांसमोर चारचौघांत करतात. मीही तशीच केली. नाईकांनी सही केली आणि मग हळदीच्या पिकाचे पैसे हातात आलेल्या प्रत्येक घराने केली. फॉर्म कुणी वाचला नाही. नाईकांनी मला विचारून घेतलं होतं, तेवढं त्यांना पुरे होतं.

तीन-चार वर्षांनी त्याच कंपनीने दुसरा इंडेक्स फंड काढला. यादी तीच. जुना फंड वर्षाला शंभरामागे दीड रुपया खर्चापोटी कापायचा, नवा पन्नास पैसे. नांदेडच्या एका हॉटेलात आम्हा एजंटांची बैठक झाली, तिथे मी उभा राहून विचारलं, "मग दोन्हींत फरक काय?"

कंपनीचे साहेब हसले. "नवा नव्या गिऱ्हाइकांसाठी. जुन्यांना कशाला हलवता? तुमचं कमिशन तिथूनच तर येतं."

माझं डोकंच फिरलं. जुनी गिऱ्हाइकं म्हणजे माझी चुलती, माझे भाऊबंद. आधी विश्वासाने आले त्यांनी महाग घ्यायचं आणि मागून येणाऱ्याला स्वस्त? हा कुठला न्याय? जेवण वाढायला सुरुवात झाली होती. मी न जेवता उठलो.

बायको म्हणाली, "घरोघरी जाऊन गुपचूप फॉर्म बदलून घ्या. बोभाटा काहून करता?" तिचं म्हणणं व्यवहाराचं होतं. पण गुपचूप काम कंपनी करत होती, मला ते करायचं नव्हतं. नाईकांच्या अंगणात मी सगळ्यांना बोलावलं आणि सांगून टाकलं, की जुन्या फंडातून निघा, नव्यात या. जुन्यातून मला दरवर्षी कमिशन मिळतं, नव्यातून नावापुरतं मिळेल, हेही सांगितलं. पहिल्या वेळी कमिशनचं मी बोललोच नव्हतो.

चुलतीने तिथल्या तिथे धरलं. "म्हंजे इतके दिवस आमच्या पैशातून तू खाऊन राहिला होतास?"

"व्हय," मी म्हणालो. मान खाली घातली नाही, पण कान तापले होते.

सगळ्यांनी नव्या फॉर्मवर सह्या केल्या. मग कमिशनचं आधी न सांगितल्याबद्दल नाईकांनी मला दंड ठोठावला. एका वर्षाचं कमिशन, तांड्याच्या देवळावर पत्रे घालायला.

मी भडकलो. कंपनीच्या साहेबाला सगळ्यांसमोर विचारणारा मी, स्वतःच्याच पोटावर पाय देणारा मी, आणि वर दंडही मलाच! नाईकांपुढे तांड्यात कोणी आवाज चढवत नाही. मी चढवला. "दंड लावायचा तर कंपनीला लावा की! तिनं लपवलं, मी सांगितलं!"

"कंपनी आमची कोण?" नाईक म्हणाले. "परक्याला आमी दंड लावत न्हाई, दारातूनच वापस धाडतो. तू आमचं लेकरू हाईस."

दंड मी त्याच आठवड्यात भरला. एक पैसाही कमी नाही.