थोरल्या जावेची भूक

द्वारकाबाईचं वजन उतरलं, त्याचं मनकर्णाबाईला एवढं काही वाटलं नव्हतं. तिला खुपत होतं ते वेगळंच. थोरलीला आता भूकच लागत नव्हती.

दोघी सख्ख्या जावा. सातारा परिसरात, खंडोबाच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर, एकाच घरात नांदलेल्या. घरातली सगळी माणसं जेवून उठली की दोघी स्वयंपाकघरात एकाच ताटात जेवायला बसायच्या. दोघी अंगानं जाड, दोघींना साखरेचा आजार. थोरलीचं वजन शंभराच्या पुढं गेलं, जिना चढवेना, तेव्हा गेल्या चैत्रात तिच्या पोटाचं ऑपरेशन झालं. जठराचा मोठा भाग काढून टाकला, उरला तो केळ्याएवढा. धाकटीही मोठ्या आशेनं त्याच डॉक्टरांकडं गेली होती. त्यांनी तिला काट्यावर उभं केलं आणि सांगितलं, "तुमचं वजन ऑपरेशनइतकं नाही. जेवण कमी करा, चालत जा." जन्मात पहिल्यांदा तिला आपण पुरेशा जाड नाही याचं वाईट वाटलं.

तेव्हापासून एका ताटातलं जेवण मोडलं. द्वारकाबाई वाटीभर वरण घेऊन बसायची, चार चमचे खाल्ले की वाटी सारायची. "बस, झालं माझं." समोरून पुरणाचं पातेलं गेलं तरी तिची नजर हलायची नाही. इकडं मनकर्णाबाईला सकाळपासून खा-खा सुटलेली. ती डब्याचं झाकण आवाज न करता काढायची आणि मूठभर शेंगदाणे तोंडात टाकायची. भुकेशी रोज झगडून ती रोज हरत होती, आणि ही न झगडताच जिंकली होती. वर शेजारणी येऊन म्हणायच्या, "द्वारकाबाई, मन किती आवरलं हो तुम्ही!"

"मन कशाचं आवरतंय, पोट कापलंय," मनकर्णाबाई भांडी घासता घासता पुटपुटायची.

चंपाषष्ठी आली. चातुर्मासात बंद असलेलं वांगं आणि कांदा त्या दिवशी त्यांच्या घरात पुन्हा सुरू व्हायचा. खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य, मग तळी, मग भावकीची पंगत. देवाच्या आधी चव घ्यायची नाही, म्हणून भरताचं मीठ वासावरून ठरायचं आणि तो मान थोरलीचा. द्वारकाबाई पातेल्यावर वाकायची, वास घ्यायची, "जमलं" म्हणायची. तोवर पातेलं देवाकडं जात नसे. आजवर ती कधी चुकली नव्हती. भाजण्या-चेचण्याचं काम धाकटीचं. ते "जमलं" आपल्या तोंडून निघावं असं तिला या घरात आल्यापासून वाटत होतं.

यंदाही द्वारकाबाई वाकली. जरा वेळ तशीच राहिली.

"मीठ कमी हाय, मनकर्णे. अजून मूठभर टाक."

मीठ मनकर्णाबाईनंच घातलं होतं, नेहमीच्या अंदाजानं. ते बरोबर आहे हे तिला ठाऊक होतं. थोरलीचा चेहरा वास आलेल्या माणसाचा नव्हता, हेही तिनं पाहिलं. एक शब्द बोलली असती तरी निभावलं असतं.

"तुम्ही म्हणता तसं, आक्का," असं म्हणून तिनं मूठ सोडली.

नैवेद्य झाला, तळी उचलली, पंगत बसली. पहिल्याच घासाला चुलत सासू दगडाबाईनं तोंड वाकडं केलं. "आगं बाई! मिठाचा डबा उपडा झाला का काय? देवानं कसं खाल्लं आसंल?"

पंगत हसली. नानासाहेबांनी, द्वारकाबाईच्या नवऱ्यानं, तांब्या पुढं ओढून विचारलं, "मीठ कुणी पाह्यलं?"

माना द्वारकाबाईकडं वळल्या. तिनं चिमूटभर भरीत जिभेवर ठेवलं, बराच वेळ घोळवलं. "मला तर आळणीच लागतंय."

"मंग ऱ्हाऊ दे आता," दगडाबाईनं निकाल दिला. "हितून पुढं मीठ मनकर्णा पाहील."

पंगत उठल्यावर मनकर्णाबाई ताट वाढून घेऊन बसली. मान मिळाला होता आणि कडकडून भूक लागली होती. द्वारकाबाई रिकाम्या हातानं समोर टेकली.

"तुला कळलं व्हतं ना?"

"मोठ्या मानसाच्या मधी मी कशाला बोलू?"

द्वारकाबाई भांडली नाही. "वांगं भाजत व्हतीस तवा मला निसता धूर लागला. वासच नाय. भूक नाय म्हणून समदे कौतुक करतेत. मी घड्याळ बघून जेवते, मनकर्णे. गोळी घ्यावी तसं."

मनकर्णाबाईनं घास तोंडात घातला. भरीत खारट होतं, पण बाजरीच्या गरम भाकरीबरोबर जात होतं. दुसरी भाकरी मोडताना तिनं मान वर केली. थोरलीची नजर तिच्या हाताबरोबर ताटातून तोंडापर्यंत जात होती आणि परत ताटात येत होती. ती नजर मनकर्णाबाईला ओळखीची होती. चैत्रापासून ती स्वतः थोरलीकडं तशीच बघत आली होती.

"तू खा," द्वारकाबाई म्हणाली, पण उठली नाही.

मनकर्णाबाईनं तिसरी भाकरी घेतली, भरीत पुन्हा वाढून घेतलं आणि लहान लहान घास करून, थोरलीला प्रत्येक घास दिसेल असं सावकाश चावत खाऊ लागली.