फुंकणाऱ्याची लय

मास्तर बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत नसत, खांद्यांकडे बघत. माणूस श्वास कुठे घेतो, हे त्यांना आधी कळायला हवं असे. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा नाव, गाव, कॉलेज सगळं भरभर सांगून टाकलं. ते म्हणाले, "पळस्प्याहून धावत आलीस का? मध्ये श्वास घेतलेला चालतो, बाळ." आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वडील वीटभट्टीवर कामाला. शहरातल्या माणसांसमोर चूक व्हायच्या आत बोलणं संपवून टाकायची मला सवय लागली होती. ती त्यांनी एका मिनिटात ओळखली.

शाळेतल्या संगीतशिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त होऊन मास्तर जुन्या पनवेलमध्ये दोन खोल्यांत एकटे राहत. त्यातली एक खोली पायपेटीने व्यापलेली. पायपेटी म्हणजे पायांनी भाता हलवून वाजवायचा लाकडी ऑर्गन. मास्तरांचे गुडघे गेले आणि भाता हलेना, म्हणून त्यांनी मला शिकवायला घेतलं. "बोटं माझी अजून चालतात गं, पण पाय तुझे लागतील," असं सुरुवातीला म्हणाले. पुढे बोटंही माझीच झाली. शिकवण्याबद्दल त्यांनी माझ्याकडून कधी काही घेतलं नाही. बी.ए.चा निकाल लागला त्या दिवशी मात्र हक्काने पेढे मागितले.

त्यांनी आयुष्यात एकच रचना केली होती, पायपेटी आणि क्लॅरोनेट यांच्यासाठी, मारवा रागात. ज्या कागदावर ती उतरवली होती, त्याच्या माथ्यावर पेन्सिलीने लिहिलेलं होतं: 'लय: फुंकणाऱ्याची. पट्टी: फुंकणाऱ्याची. भाव: वाट बघण्याचा.' मी वाचलं आणि समजलं असं मला वाटलं. मारव्यात षड्ज, म्हणजे सा, सहज हाती लागत नाही. स्वर त्याच्या आजूबाजूला फिरत राहतात. मास्तरांनी तो शेवटच्या ओळीसाठी राखून ठेवला होता. ती लांब ओळ क्लॅरोनेटने एका दमात घ्यायची आणि षड्जावर येऊन थांबायचं. "रडवायचं नाही," ते बजावत. "दिवेलागणीला दारात उभं राहून कुणाची वाट बघतात ना, तेवढंच."

क्लॅरोनेट दामूदादांचं. उरणकडच्या गावातले, लग्नाच्या बँडमध्ये चाळीस वर्षं वाजवलेले. दोघांचं एकमेकांवाचून चालत नसे आणि भांडल्यावाचूनही चालत नसे. "मास्तर, तुमचा ह्यो मारवा लग्नान वाजवला तं नवरदेव पलून जाईल!" असं दामूदादा म्हणत. मास्तर म्हणत, "म्हणून तर तुला मांडवातून उठवून इथे आणलंय."

मग दामूदादांच्या छातीचं दुखणं निघालं. काही महिने दवाखान्यात काढून ते परत आले तेव्हा सदरा अंगात लोंबत होता. मास्तरांनी काही न विचारता रचनेची पट्टी काळी पाचवरून पांढरी चारवर उतरवली, म्हणजे वरचे स्वर त्यांना जड जाणार नाहीत. खांदा कॉलनीतल्या एका छोट्या सभागृहात कार्यक्रम ठरला. क्लॅरोनेटला दामूदादा वाजा म्हणत. ते मला म्हणाले, "एकदा शेवटचा सा लागू दे पोरी, मंग वाजा पेटीन ठेवला तरी चालंल."

कार्यक्रमात मी शेवटच्या ओळीआधी लय उतरवली. आजारी माणूस आहे, सावकाश घेऊ दे, असं मनात आलं. पुढच्या रांगेतून मास्तरांनी हात वर केलेला मला दिसला. मला वाटलं, शाबासकी. षड्जाच्या अलीकडे क्लॅरोनेटचा आवाज फाटला आणि थांबला. दामूदादांनी वाजा मांडीवर ठेवला. मी एकटीने षड्ज वाजवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रचना तशीच असेल असं त्यांना वाटलं.

बाहेर आल्यावर दामूदादा म्हणाले, "तुझा काय चुकला नाय. माझाच दम सपला." ते रिक्षात बसून गेले. रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत मास्तर तिकडेच बघत होते. मग म्हणाले, "चूक तुझीच आहे. तू कीव केलीस. मी हात वर केला तो लय चढव म्हणून. हळू लयीत ओळ लांबते. तुला नुसतं बोट दाबून बसायचं असतं, त्याला तेवढा वेळ फुंकत राहावं लागतं. त्याचे खांदे का बघितले नाहीस?" मी रडायला लागले. ते म्हणाले, "रडून झालं की श्वास घे. आणि त्याला जाऊन सांग."

मी गेले. दामूदादांनी चहा पाजला, ऐकून घेतलं, पण क्लॅरोनेट कापडात गुंडाळलेलंच राहिलं. मास्तर अधूनमधून विचारत, "दामू आला होता का?" मी नाही म्हणे. मग ते पायपेटीवर हात ठेवून बसत. याच वर्षी, थंडी सरता सरता, ते गेले.

शोकसभा त्यांच्याच खोलीत झाली. पंधरावीस माणसं, बरेचसे जुने विद्यार्थी. भाषणं चालू असताना दामूदादा आले, काखेत तेच कापड. पायपेटीशेजारी बसत हळूच म्हणाले, "त्या दिशी कोन मेल्यावानी वाजवलास. आज मास्तर खरंच गेलं. आज तरी नीट चालव."

मी कागद उघडला नाही. त्यांच्या खांद्यांकडे बघितलं आणि ते उचलले गेले तशी सुरुवात केली. शोकसभेला शोभेल त्याहून लय जरा चढीच होती. एकदोघांनी माना वळवून बघितलंही. शेवटची ओळ आली. दामूदादांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या, डोळे मिटले. मी त्यांच्या पुढे गेले नाही, मागेही राहिले नाही. षड्ज लागला. बारीक, थोडा थरथरता, पण पुरता लागला.

मास्तरांची एक शिस्त होती. शेवटच्या स्वरावर पाय थांबवायचे, पण बोट उचलायचं नाही. भात्यात उरलेला वारा आपण होऊन संपू द्यायचा. आता मी खारघरच्या एका कॉलेजात शिकवते आणि वर्गासमोर उभी राहिले की आधी श्वास घेते. शोकसभेच्या त्या संध्याकाळी मी पाय थांबवले आणि बोट तसंच ठेवलं. दामूदादांनी वाजा खाली घेतला होता. आवाज बराच वेळ पुरला.