आप्पांच्या चपलेची सुतळी

मंडळी, आज सकाळी पुण्याच्या हॉस्पिटलातून फोन आला. स्वाइन फ्लूच्या साथीमुळे माझ्या वडिलांचं, आप्पांचं, मणक्याचं ऑपरेशन महिनाभर पुढं ढकललं.

आप्पा म्हणाले, "थांबू की. मला काय हुतंय?"

आणि मला त्यांची चप्पल दिसली. सुतळीनं पायाला बांधलेली.

"हे काय, आप्पा?"

"आठ दिस झालं, निसटती. पायाला कळतच न्हाई."

मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "पायातली ताकद जात असेल तर थांबायचं नाही. लगेच निघा."

तोंडाला रुमाल बांधून आम्ही आमच्या राहू गावाहून निघालो. आप्पा ॲडमिट झालेत, ऑपरेशन उद्या. तोवर मी इथून हलणार नाही.

तुमच्याकडंही कुणाची तारीख पुढं गेली असेल. "बरं हाय" म्हणणाऱ्याच्या पायांकडं आज बघितलंत का?