आधी खाली या

मंडळी, इथले अनुभव मी नेहमी वाचते, पण खरं सांगायचं तर निव्वळ करमणूक म्हणून. भास, संकेत, भूतखेत... असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी चाकणच्या एका कंपनीत लीक टेस्टिंगला आहे. गाड्यांच्या टाक्यांत हवा भरायची, त्या पाण्यात बुडवायच्या आणि बघत राहायचं. बुडबुडा आला तर गळती आहे, नाही आला तर नाही. तिसरं काही नसतं. ह्या कामात आमच्या लाइनवर माझा हात धरणारं कोणी नाही, हे मी जरा मिजाशीतच सांगते.

तर हे घडलं ते गेल्या उन्हाळ्यात, दिवसाढवळ्या, माझ्याच घरी.

चाकणहून तळेगावला जाताना लागणाऱ्या एका गावात आमचं घर आहे. सासरे — आण्णा — तिथलेच, पिढीजात शेतकरी. बरीचशी जमीन कंपन्यांत गेली, उरलं ते एक टेकाड आणि त्याच्या पायथ्याची पट्टी. टेकाडावर आमचा बंगला आणि खाली कामगारांसाठी बांधलेल्या भाड्याच्या खोल्या, एका ओळीत, पाठ उताराला लावून. वरून खाली जायला दगडी पायऱ्या.

आण्णा तरुणपणी इंद्रायणीत पोहलेले, तेही पट्टीचे. आता त्या घाण झालेल्या पाण्यात नातीला कुठे उतरवणार? म्हणून बंगल्यामागे त्यांनी स्विमिंग पूल बांधून घेतला. भावकीत चेष्टा झाली. म्हशी डुंबायला डबकं केलंय म्हणाले. आण्णांनी ते मनाला लावून घेतलं. एका रविवारी सगळ्या भावकीला जेवायला बोलवायचं आणि त्यांच्यादेखत ओवीला, म्हणजे माझ्या मुलीला, पाण्यात उतरवायचं असं त्यांनी ठरवून टाकलं.

पूल भरला. आणि पाणी कमी व्हायला लागलं.

सकाळी बघावं तर काठाच्या टाइल्स उघड्या पडलेल्या. पुन्हा भरायचं, पुन्हा तेच. ठेकेदार म्हणाला, ऊन कडक आहे, पाणी उडून जातंय. नवऱ्यालाही ते पटलं. मला पटेना. मी एक बादली पुलाच्याच पाण्याने भरली आणि पुलातल्या पायरीवर ठेवली, आतलं-बाहेरचं पाणी एका पातळीला आणून. ऊन दोघांना सारखंच लागणार ना? दुसऱ्या दिवशी बादलीतलं पाणी जेमतेम हललं होतं, पुलातलं चांगलं चार बोटं खाली. म्हणजे गळतीच होती. पंप बंद ठेवून बघितला, तरी तितकंच. म्हणजे पंपाच्या पाइपात दोष नाही, पुलाच्या अंगातच कुठेतरी भोक आहे. ठेकेदाराचा फोन त्यानंतर लागेनासा झाला.

मग मी डाय मागवला. गळती शोधायचा रंग असतो, पोपटी, असा झगझगीत की दुसऱ्या कशाशी गल्लत होणारच नाही. संशय असेल तिथे पाण्याखाली थेंबभर सोडायचा. भोक असेल तर रंगाची रेघ तिकडे ओढली जाते.

जेवणाचा रविवार उजाडला. आत स्वयंपाकाची गडबड चाललेली. पाहुणे यायच्या आत गळती सापडलीच पाहिजे ह्या जिद्दीने मी पुलाकाठी बसले होते. डायची बाटली बाजूला, सीलबंद. कुठून सुरुवात करावी ते बघत होते, तेवढ्यात पायऱ्यांवरून एक बाई वर आली. मध्यम वयाची, विटक्या राखाडी साडीतली. साडीचा खालचा घेर ओलाचिंब आणि काठ पोपटी. खोल्यांतलीच कोणीतरी असेल म्हणून मी फारसं लक्ष दिलं नाही.

ती म्हणाली, "बाई, वर काय बघत बसलात? खाली येऊन शेवटच्या खोलीच्या भिंतीला हात लावा."

मी म्हटलं, येते, एवढं हातातलं काम उरकते.

"आधी खाली या," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. पण बसून राहणं मला जमेना. ती वळून पायऱ्या उतरली. मी लगेच मागे निघाले... वळणावर पोचले तर पुढे कोणी नाही.

शेवटच्या खोलीत सुरेखा राहते. बीडकडची, नवरा भोसरीत वर्कशॉपला. ती भाकरी करत होती, आणि मागच्या भिंतीजवळ टांगलेल्या झोळीत तिचं बाळ झोपलेलं. मी भिंतीला हात लावला. थंडगार. गिलावा बोटाखाली चिखलासारखा दबला, आणि भिंतीला पोट आलेलं होतं. सुरेखा म्हणाली, ओल बऱ्याच दिवसांची आहे, पण एवढी नव्हती. मी आधी बाळ उचललं. तिला म्हटलं, तवा उतरव आणि बाहेर चल.

बाळाला तिच्याकडे देऊन मी धावत वर आले. बाटलीचं सील फोडलं, ओवी शेजारीच उभी होती. आता कुठे बघायचं ते कळलं होतं, उताराच्या बाजूला. पाण्याखालच्या दिव्याजवळ रंग सोडला आणि दिव्याने तो गिळला! त्याच्या मागे वायर न्यायची नळी असते, ती जमिनीत फुटली होती. पूल रोज उताराच्या पोटात रिकामा होत होता. पुन्हा खाली गेले, जरा थांबले. शेवटच्या खोलीच्या भिंतीच्या बुडातून पाण्याची धार सुटली... पोपटी.

तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. त्या बाईच्या साडीचा तो पोपटी काठ नव्हताच. तो डाय होता. मी बाटली उघडायच्या आधी तिच्या साडीला लागलेला.

पण विचार करायला वेळ नव्हता. भावकी फाटकातून आत येत होती. मी आण्णांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. बाईचं सोडून. एक चुलत सासरे ऐकत होते. ते म्हणाले, पाहुणे जेवून जाऊ द्या, मग बघता येईल. आण्णांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"ज्याच्यासाठी टाकं बांधलं ती पोर हाय, आन् खाली बी पोरंच हायेत," ते म्हणाले. मग मला, "कुठला व्हॉल खोलायचा, दाव."

सगळ्यांसमोर, ज्यांना दाखवायचा म्हणून तो पूल बांधला त्यांच्यासमोर, आण्णांनी स्वतः व्हॉल्व्ह उघडून पाणी पलीकडच्या ओढ्यात सोडलं. मग धोतर खोचून खाली गेले आणि एकेका खोलीतून माणसं बाहेर काढली. आमच्या दिवाणखान्यात पाहुणे आणि भाडेकरू एकाच पंगतीला बसले.

पंगत उठायच्या सुमारास खालून आवाज आला. सुरेखाच्या खोलीची मागची भिंत आत कोसळली होती. झोळी होती तिथे दगडमातीचा ढीग. आत कोणी नव्हतं.

त्या संध्याकाळी मी दिवाणखान्यातल्या प्रत्येक बाईचा चेहरा नीट बघितला. ती त्यांच्यात नव्हती. सुरेखाला विचारलं, सगळ्यांना विचारलं. अशी बाई खोल्यांत राहत नाही, सकाळी कोणी वर गेलंही नव्हतं. नवरा म्हणाला, गडबडीत तू डाय आधीच टाकला असशील. पण सील फोडताना ओवीने बघितलंय. आणि डाय आधी टाकला असता, तरी खाली धार सुटायच्या आधी तो तिच्या साडीपर्यंत कसा जाणार? कुठलीही टेस्ट लावा, उत्तर येत नाही.

त्यानंतर आण्णांनी आधी खोल्या नव्याने बांधल्या, उतारापासून लांब. पूल दुरुस्त केला तो नंतर. ह्या उन्हाळ्यात भावकी पुन्हा जेवायला आली, ओवी सूर मारून पलीकडे निघाली, आणि आण्णांनी चारचौघांत सांगितलं की ह्या टाक्याची गळती आमच्या सुनेनं शोधली. बाई दिसल्याचं त्यांना एव्हाना मी सांगितलेलं होतं.

सगळे गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "ती बाई कोन, कळलं का गं?"

"नाही आण्णा. अजून नाही."

ते म्हणाले, "न्हाई तर न्हाई. हाक कुनाची का आसंना, तू उठून गेलीस."