स्क्रू नसलेली पाटी

लिहिण्याचा अधिकार नसताना लिहायला बसले आहे, याबद्दल आधीच क्षमा मागते. आयुष्यभर इतरांनी लिहिलेले शिकवले. स्वतः चार ओळी लिहून कोणाला दाखवण्याचे धैर्य कधी झाले नाही, आणि आता पन्नाशी ओलांडल्यावर हा उपद्व्याप सुरू केला आहे. त्यातही ज्यांच्याविषयी लिहायचे ते आमचे माजी विभागप्रमुख. हे त्यांच्या वाचनात आले, तर 'हिने माझ्यावरच का लिहिले, हिला लिहायला कोणी सांगितले, आणि सांगणाऱ्याचा यात फायदा काय' हे प्रश्न ते याच क्रमाने विचारणार, याविषयी मला शंका नाही. तरीही धीर करून एक विधान करते: आमच्या सरांइतका संशयी माणूस तापीच्या दोन्ही काठांवर शोधून सापडणार नाही. आणि सापडलाच, तर तो इतक्या सहजी कसा सापडला, याचा संशय सर घेतील.

सुरतेतल्या आमच्या विद्यापीठात मराठी विभाग म्हणजे सर, मी, एक लोखंडी कपाट आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बोळाच्या टोकाची खोली. विद्यार्थी बहुतेक लिंबायत आणि भेस्तान या कामगार वस्त्यांतले. आईवडील खानदेशातून लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करायला आलेले, मुले इथेच वाढलेली, घरी अहिराणी, रस्त्यावर हिंदी, दुकानात गुजराती आणि आमच्या वर्गात आल्यावर काही काळ गप्प. या लहानशा संस्थानाचे रक्षण करण्यासाठीच आपला जन्म आहे, अशी सरांची धारणा होती, आणि शत्रू कोठून येईल हे ठाऊक नसल्यामुळे ते सर्व दिशांना सारख्याच बारकाईने पाहत. शिपायाने न सांगता चहा आणला, तर सर तो कप हातात घेऊन फिरवून पाहत आणि मला हळूच म्हणत, "बाई, न मागता चहा आला. आज आपल्याकडून काहीतरी काढून घेणार आहेत." त्या दिवशी संध्याकाळपर्यंत काहीच घडले नाही, तर त्यांचा संशय मिटत नसे, उलट वाढे. "पुढे ढकललंय," ते म्हणत. एकदा सुट्टीत विद्यापीठाने आमच्या खोलीला आपण होऊन रंग दिला. मला तर आनंद झाला होता. सर मात्र भिंतीला बोट लावून उभे राहिले आणि म्हणाले, "रंग केव्हा देतात, ठाऊक आहे? घर विकायला काढण्याआधी."

त्यांच्या खांद्यावरच्या कापडी पिशवीत डबा, छत्री आणि एक स्क्रूड्रायव्हर कायम असे. मराठीच्या प्राध्यापकाला स्क्रूड्रायव्हर कशाला लागतो, असे नवा विद्यार्थी हमखास विचारी. त्याचे कारण असे, की फार पूर्वी एकदा आमच्या दारावरची 'मराठी विभाग' ही पाटी नव्याने रंगवण्यासाठी काढून नेली होती, आणि त्या काळात सरांचा जेवणातला रस गेला होता, असे सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, सांगतात. पाटी परत आली, अक्षरेही सुबक आली. पण तेव्हापासून दर सोमवारी सकाळी सर दारापाशी चवड्यांवर उभे राहून तिचे चारही स्क्रू स्वतः पिळून घट्ट करीत. शेजारच्या इतिहास विभागातले गृहस्थ जाता जाता म्हणत, "सर, भींत फाडी नाखशो!" त्यावर सर मान न वळवता उत्तर देत, "भिंत फाटली तरी चालेल, पाटी निघता कामा नये." घरीही वेगळे नव्हते. भाजीवाल्याने कोथिंबीर फुकट दिली, तर सर घेतलेली वांगी तिथेच फुटपाथवर एकेक करून तपासत. "ह्यांना मी होकार पहिल्याच भेटीत दिला," वहिनी एकदा मला म्हणाल्या, "तेव्हापासून विचारतायत, एवढी घाई कसली होती?"

अशा माणसाच्या हाती एके दिवशी विद्यापीठाचे परिपत्रक पडले. विद्यार्थ्यांची अधिक चांगली सेवा व्हावी म्हणून सर्व महाविद्यालये आणि विभाग यांची नव्याने रचना करण्यात येणार होती. लहान लहान विभाग एकत्र करून मोठी भवने व्हायची होती: विज्ञानाचे एक, वाणिज्याचे एक, भाषांचे एक. खरे सांगायचे तर मला ती कल्पना वाईट वाटली नव्हती. एका सहीसाठी आमची मुले तीन इमारतींत भटकत, आणि एखाद्याला मराठीबरोबर गुजराती शिकावीशी वाटली तर दोन्ही वर्ग नेमके एकाच वेळी असत. मी हे भीत भीत बोलून दाखवले. सरांनी चष्मा काढला. "तुम्हाला चांगलं वाटतंय ना? मलाही वाटलं. तिथंच मी सावध झालो." मग परिपत्रकातल्या 'सेवा' या शब्दावर बोट ठेवून म्हणाले, "हा शब्द आला, की कोणाची तरी खुर्ची हलते, बाई. आणि आपल्याकडे तर खुर्च्याच दोन."

तरी खुर्ची हे निमित्त होते. त्यांना खरा घोर होता तो आमच्या एका विद्यार्थिनीचा. लिंबायतची ही मुलगी तेव्हा एम.ए.च्या पहिल्या वर्षात होती. वडील लूमवर, आई घरी साड्यांवर टिकल्या चिकटवण्याचे काम करी, आणि दुपारी साड्यांचा गठ्ठा आला की हीही आईबरोबर बसे. परिपत्रकाची बातमी लिंबायतपर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही. दुसऱ्याच दिवशी ती दारात उभी राहिली आणि एरवी वर्गात जपून प्रमाण मराठी बोलणारी ती मुलगी घाबरून घरच्या बोलीत म्हणाली, "सर, मनी माय इचारस, तुमनं मराठी बंद व्हई का?" सर खेकसले, "कोण म्हणतं? जा, वर्गात बस." ती गेल्यावर मात्र त्यांनी परिपत्रक पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतले. विभाग बंद झाला, तर तिने शिकायला धुळ्याला किंवा जळगावला जावे लागणार, म्हणजे ती जाणार नाही, आणि घरात स्थळे पाहायला सुरुवात होणार, हे त्यांना आणि मला दोघांनाही न बोलता कळत होते.

बैठकीच्या दिवशी आम्ही दोघे सभागृहात मागच्या रांगेत बसलो. पुढे बसलो तर नजरेत भरतो आणि मागे बसलो तर विसरले जातो, या पेचात सापडून सरांनी तीनदा जागा बदलली होती. समितीच्या अध्यक्षा गुजराती होत्या. सारे विद्यापीठ त्यांना नुसते 'बेन', म्हणजे ताई, म्हणे. पडद्यावर रंगीत वर्तुळे होती, आणि बेन एकेका विभागाचे नाव घेऊन त्याचे वर्तुळ मोठ्या वर्तुळात सरकवीत होत्या. आमचे वर्तुळ सर्वांत लहान, लिंबाएवढे. सर माझ्या कानाशी पुटपुटले, "रंग बघा. पिवळा दिलाय. पिवळं पान म्हणजे काय, कळतं ना?" इतक्यात बेननी आमचे वर्तुळ हलकेच उचलून भाषाभवनात सोडले आणि समाधानाने म्हणाल्या, "अने मराठी विभाग तो अहीं एकदम बंध बेसे छे."

येथे थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. सरांनी सुरतेत सारी नोकरी केली, पण गुजराती त्यांनी शिकली ती रस्त्यावर: भाजीवाल्याकडून भावापुरती आणि दुकानांच्या पाट्यांवरून वाचण्यापुरती. दुकानाचे शटर खाली असले, की त्यावर लिहिलेले असते 'बंध छे'. बेसवुं म्हणजे बसणे, हेही त्यांना ठाऊक होते. गुजरातीत 'बंध बेसवुं' म्हणजे नेमके जुळणे, चपखल बसणे. पण या अर्थाची भाजीवाल्याला कधी गरज पडलेली नव्हती. सरांनी जे ऐकले ते असे, की मराठी विभाग आता बंद होऊन बसणार, आणि तेही एकदम.

ते उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. इतकी वर्षे वाट पाहिलेला पाहुणा अखेर दारात आल्यासारखा एक शांत भाव होता. "बेन," ते म्हणाले, "आपण बोललात, बरं केलं. मिल बंध थई, थिएटर बंध थयुं, अब मराठी भी बंध? सेवा, सेवा म्हणून तुम्ही लिहिलंत. कोणाची सेवा? लिंबायतची एक मुलगी माझ्या वर्गात येते. दुपारी साड्यांवर टिकल्या लावते, आणि सकाळी माझ्यासमोर वही उघडून बसते, तेव्हा तिच्या बोटांना गोंद लागलेला असतो. वहीचं पान बोटाला चिकटतं. तिला हे शटर कोण दाखवणार? तुम्ही दाखवाल? मी दाखवणार नाही."

बेन गोंधळून इकडेतिकडे पाहू लागल्या आणि माझ्यावर नजर पडताच म्हणाल्या, "बेन, शुं थयुं? साहेबने खोटुं केम लाग्युं?" साहेबांना वाईट का वाटले, असे त्या विचारत होत्या. त्यापूर्वी मी कोणत्याही बैठकीत तोंड उघडलेले नव्हते. मी उभी राहिले आणि शटर, भाजीवाला आणि 'बंध' हे सगळे जसे जमेल तसे सांगितले. आधी एक हसला, मग रांगच्या रांग हसू लागली; इतिहासवाले तर रुमालात तोंड खुपसून बसले. सर तेवढे हसले नाहीत. ते माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले, "तुम्हाला खात्री आहे? की तुम्हालाही त्यांनी हाच अर्थ सांगून ठेवलाय?"

बेन हसून हसून डोळे पुसत होत्या. पण डोळे पुसून झाल्यावर त्यांनी जे विचारले, ते मी विसरू शकत नाही. "साहेब, हसवानी वात जवा दो. पेली छोकरीने शुं जोइए छे, ए कहो ने." त्या मुलीला काय हवे आहे, एवढेच. सर पुन्हा माझ्याकडे वळले. "हे का विचारतायत?" मी म्हणाले, "सर, खरंच विचारतायत. सांगा." कोणी खरोखरच विचारील, याची त्यांनी तयारीच केलेली नव्हती. मग ते अगदी लहान आवाजात म्हणाले, "वर्ग सकाळी राहू द्या. दुपारी तिच्याकडे गठ्ठा येतो." नव्या रचनेत सर्व भाषांचे वर्ग दुपारी जाणार होते. बेननी तिथल्या तिथे पडद्यावर बदल करून ते सकाळी आणले. परतताना जिन्यात सर म्हणाले, "फार लवकर हो म्हणाल्या. बाई, आपण मागितलं फार थोडं."

भाषाभवनात हलण्याच्या दिवशी आमचे कपाट टेम्पोत चढवले, तेव्हा सर ड्रायव्हरच्या शेजारी बसायला तयार होईनात. ते मागे कपाटाला टेकून उभे राहिले आणि विद्यापीठाच्या आवारातल्या आवारात, एका इमारतीपासून दुसरीपर्यंत, मिरवणुकीतल्यासारखे गेले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी हात वर केला खरा, पण दुसरा हात कपाटाच्या कुलपावर होता. नव्या इमारतीत आमच्या खोलीला काचेचे दार होते आणि काचेवर 'मराठी' अशी पांढरी अक्षरे चिकटवलेली होती. गुजराती, हिंदी, इंग्रजी यांच्या खोल्या अगदी शेजारी. सरांनी सवयीने पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला, काचेवरून बोट फिरवले, कडा चाचपल्या आणि तसेच उभे राहिले. "ह्याला स्क्रूच नाहीत," ते म्हणाले. "म्हणजे काढायची झाली, तर आवाजसुद्धा होणार नाही."

ती मुलगी एम.ए. झाली. सकाळी मराठी आणि त्याला जोडून भवनातच भाषांतराचा वर्ग, असे दोन्ही तिने केले. आज ती एका कापड व्यापाऱ्याच्या कार्यालयात गुजराती आणि मराठी पत्रव्यवहार सांभाळते आणि शनिवारी लिंबायतच्या मुलांना शिकवते. पेढे घेऊन आली, तेव्हा सरांनी पेढा आधी फोडून पाहिला, मग खाल्ला, आणि मग तोंड फिरवून चष्मा पुसत बसले. त्यानंतर काही महिन्यांतच ते निवृत्त झाले. आता सुरतेतच, कतारगामला मुलाकडे असतात. प्रवेश सुरू झाले, की रोज सकाळी त्यांचा फोन येतो. "कोणी आलं का?" आले म्हटले, तरी त्यांचे समाधान होत नाही; "जरा फोन द्या त्याला," असे म्हणून ते नव्या विद्यार्थ्याला त्याचे गाव, गल्ली आणि वडिलांचे काम विचारतात, आणि तो खरोखरच अस्तित्वात आहे अशी खात्री झाली, की मग फोन ठेवतात.

यंदा मात्र माझी अडचण झाली आहे. भवन भरलेले आहे. भाषांतराच्या वर्गात बसायला जागा नाही, आणि त्यात आमच्या लिंबायतची, भेस्तानची मुले पूर्वीपेक्षा अधिक आहेत. थोडी मराठी, थोडी गुजराती, थोडे संगणकाचे असे त्यांचे चालते, आणि ती आनंदात दिसतात. बेननी केले ते त्यांच्या भल्याचेच केले, असे मला आजही वाटते. फक्त निव्वळ मराठी घेऊन एम.ए.ला बसायला या वर्षी अजून कोणी आलेले नाही. काचेवरचे 'ठी' दमट हवेने एका कडेने सुटू लागले आहे. वर्गात शिरताना मी ते रोज अंगठ्याने दाबते. प्रवेशाची मुदत आता संपते आहे. इतके दिवस मी सरांना 'येतील, सर' एवढेच म्हणत आले, आणि आश्चर्य म्हणजे त्यांनी या एका बाबतीत माझ्यावर संशय घेतला नाही. मराठी इथे बंध बसली आहे, एवढे खरे. पण उद्या सकाळी त्यांच्या फोनवर मी हे म्हटले, की ते विचारतील, "कोणत्या अर्थानं, बाई?" तेव्हा मी त्यांना काय सांगू?