सुधारलेले पान

शहापूर-मुरबाडच्या त्या प्रवासाचे वर्णन मी पूर्वी एकदा लिहिले आहे. एका दिवाळी अंकात ते छापून आले, वाचकांची कौतुकाची पत्रेही आली. त्यात डोंगर होते, तांदळाची भाकरी होती, हसतमुख विद्यार्थी होते. खोटे असे त्यात फारसे नव्हते. एक मुलगी तेवढी मी गाळली होती. आता माझे वय झाले, एका डोळ्याने दिसणे कमी झाले आहे. दुसरा चालतो आहे तोवर तोच प्रवास तिच्यासकट पुन्हा लिहून ठेवतो.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी मी आसनगाव स्टेशनाबाहेर आलो तेव्हा समोर माहुलीचे सुळके उन्हात कोरडे ठणठणीत उभे होते. खांद्याला पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली आणि बायकोने दिलेल्या दशम्या. मी डोंबिवलीचा, गणिताचा निवृत्त शिक्षक. नितीन नावाचा माझा एक जुना विद्यार्थी संगणकाच्या कंपनीत होता. आम्ही दोघांनी मिळून मुलांसाठी ‘अभ्यासवाट’ नावाची वेबसाइट काढली होती. मुलाने आपले खाते उघडायचे, कुठल्या दिवशी किती वाजता काय अभ्यास करायचा ते पानावर भरायचे. काम झाले की हिरवी खूण, राहिले की लाल. एका शिक्षणसंस्थेने ती आपल्या खेड्यापाड्यांतल्या कॉलेजांना वापरायला दिली, आणि मला वाटू लागले की निवृत्तीनंतरही आपण शिकवतोच आहोत.

वेबसाइटवर मुलांनी सूचना लिहायची सोय होती. कुणी म्हणे रंग बदला, कुणाला क्रिकेटचा स्कोअर हवा होता. मुरबाडहून मात्र एकच ओळ आली होती: ‘आमचं पान बंद झालं ते चालू करा, परीक्षा आली.’

ते पान मीच बंद केले होते. त्या एका खात्यात एकाच दिवशी भूगोलाचा एकच धडा तीन-तीनदा लिहिलेला असे, आणि मधेच ‘मंजूची लाकडं’, ‘वनीचं पाणी’. कुणीतरी टवाळी करते आहे असे समजून मी ते खाते बंद केले. पण टवाळखोर पान परत कशाला मागेल? म्हणून म्हटले, जाऊन बघावे.

शहापूरला जीपने पोहोचलो. कॉलेजात माझ्यासाठी मुले एका खोलीत बसवून ठेवली होती. वीज गेलेली, संगणकांवर फुलाफुलांची कापडे. मी विचारले, वेबसाइट कशी वाटते? सगळे एका सुरात म्हणाले, “छान आहे सर!” त्यांचे प्राध्यापक मागेच उभे होते. ते चहा सांगायला बाहेर गेले तसा शेवटच्या बाकावरचा एकजण उठला.

“सर, ते लाल काढा ना. लय लाज वाटते. बाजूला पोरी बसतात.”

“अभ्यास केलास तर हिरवं होईल की.”

“अभ्यास नाय केला तरी होतं, सर,” दुसरा म्हणाला. “आमी सकाळीच सगळं हिरवं करून टाकतो. मग दिवसभर टेन्शन नाय.”

खोलीभर हशा पिकला. मीही हसलो, पण मनातून ओशाळलो. शहापूरची मुले किती नेटाने अभ्यास करतात हे मी चार सभांतून त्याच हिरव्या खुणांवरून सांगत आलो होतो.

दुपारच्या एसटीने मुरबाडला निघालो. सापगावच्या पुलावर भातसेचे पाणी संथ होते, दगडांवर गोधड्या वाळत पडल्या होत्या. पुढे किन्हवलीच्या बाजूला भात निघून गेलेल्या खाचरांत वाल उभा होता. मधेमधे शेतांतून निळसर धूर चढत होता. शेजारच्या आजोबांना विचारले, आग लागली की काय?

“आग कसली, राब भाजतात,” ते म्हणाले. राब म्हणजे भाताचे रोप जिथे टाकायचे तेवढा तुकडा पाला-गोवर घालून भाजून काढायचा. “तुमी मास्तर काय?”

“कशावरून ओळखलंत?”

“धूर बगून इचारता ना, म्हनून.”

मुरबाडच्या स्टँडासमोर दत्ताचे सायबर कॅफे होते. पत्र्याच्या गाळ्यात तीन मशीन, एक पंखा आणि लॅमिनेशनचा वास. दत्ता तिशीचा, बोलका. खात्याचे नाव सांगताच म्हणाला, “हां, आमच्या पोरी! डोंगराखालच्या पाड्यांवरच्या. चौघी हायत, बारावीला. बस यायला टाइम असला की बसतात हितं. मी पैसे नाय घेत. पन आता कोनी वरून बंद केलं ना त्यांचं. काय कळत नाय बगा या लोकांना.”

“कुणाला?”

“डोंबिवलीला कोन बसलाय त्याला.”

मी चहा पीत राहिलो. कॉलेज सुटल्यावर वनिता आली. उंच, तेल लावून चापून घातलेली वेणी, पायांत प्लास्टिकची चप्पल. दत्ताने सांगितले, “वनी, हे सर वेबसाइटवाले.” ती स्टुलाच्या कडेवर बसली. मी विचारले, “भूगोल तीनदा कशाला लिहायच्या गं तुम्ही?”

“तिघींचा असायचा ना, सर.”

“आणि लाकडं?”

तिने मला समजावून सांगितले. घरची लाकडे आणि पाणी झाल्याशिवाय कुणालाच कॉलेजला सोडत नाहीत. मग चौघींनी सावड केली. सावड म्हणजे आज मी तुझ्या कामाला, उद्या तू माझ्या; आवणीला (भाताच्या लावणीला) घरोघर हीच रीत. एकजण मागे राहून दुसरीची लाकडे आणायची, दुसरी कॉलेजात जाऊन तिच्यासाठी धडा उतरवून आणायची. पाडे लांबलांब, चौघी एका दिवशी कधीच एकत्र नसत. जी मुरबाडला येईल ती पान उघडून बघे, उद्या कुणी कुणाकडे जायचे.

“वहीत लिहायचं की मग.”

“लिवलं होतं. वही जिच्याकडं, तिच्याकडंच ऱ्हाते, सर.”

मी गणिताचा माणूस. इतकी सुबक मांडणी बघून मला भरूनच आले. मी सांगून टाकले, “वनिता, तुमचं पान मी बंद केलं. मला वाटलं, कुणी थट्टा करतंय.”

दत्ताने पंख्याचा आवाज कमी करायचे निमित्त करून तोंड फिरवले. मग वनिता म्हणाली, “तुमीच केलं? बरं झालं. मंग चालू करा ना. दत्तादादाचं मशीन हाय हितं.”

पहिल्या लेखात हे वाक्य मी लिहिले नाही. त्याऐवजी लिहिले ते असे: ‘मुलींशी दीर्घ चर्चा झाली.’ चर्चा झाली हे खरे. मी तिला म्हटले होते, “करतो, करतो. पण आधी नीट समजून घेऊ दे. तुमच्यासाठी हे पानच नवं करू या.”

आणि मी प्रश्न विचारत सुटलो. वेळ कशी लिहायची? ती म्हणाली, घड्याळ नको. ‘बसच्या आधी’ आणि ‘बसच्या नंतर’ एवढे पुरे. लाल? लाल नकोच, राहिलेले काम दुसऱ्या दिवसावर आपोआप जाऊ दे. काम करील तिचे नाव वर, जिचे काम तिचे खाली. अक्षर मोठे, कारण दत्ताच्या एका मशीनवर धुरकट दिसते. दत्ताही सांगू लागला, “काका, ते पासवर्डचं तेवढं सोपं करा, दर वेळी मलाच इचारतात.” दीडदोन तास कसे गेले कळले नाही. वनिताची बस चुकली, तिला पुढच्या बसची वाट बघावी लागली.

जाताना ती म्हणाली, “मंजीला तुमी सांगा सर. माझं नाय ऐकनार ती.”

मंजू म्हणजे मंजुळा, सगळ्यात लांबच्या पाड्यावरची. पान बंद झाले तेव्हा ती दोन दिवस दुसऱ्यांची लाकडे वाहत होती. पुढची पाळी तिच्यासाठी कुणाची, ते बाकीच्यांना दिसले नाही, त्या पाळीला कुणी गेलेच नाही. तिला वाटले, आपल्याला फसवले. तेव्हापासून तिने कॉलेज सोडले होते.

रात्री लॉजवर राहून दुसऱ्या दिवशी मुरबाडला आलेल्या वनिताबरोबर टोकावड्याकडची बस धरली. बस सोडल्यावर पायवाट. समोर सह्याद्रीची भिंत, वाटेवर पळस फुललेला. चपलेचा अंगठा तुटला म्हणून मी अर्धी वाट पाय ओढत चाललो. वनिताने वेलीचा तुकडा तोडून तो बांधून दिला. “सरांची गाडी पंचर,” म्हणून ती स्वतःशीच हसली.

मंजुळाच्या आईने अंगणात घोंगडी टाकली. तांदळाची भाकरी, वालाच्या शेंगांची भाजी आणि भाजलेली सुकट. मी नको म्हणालो तर बाई म्हणाल्या, “खावा गुर्जी, तुमच्याकडं असं नाय भेटनार.” अगदी खरे होते. त्या आपसांत त्यांच्या घरच्या बोलीत बोलत, ती मला अर्धीच कळे.

मंजुळा मोळी घेऊन उतरणीवरून आली. ठेंगणी, रुंद खांद्यांची. मोळी टाकली, पदराने मान पुसली आणि वनिताकडे न बघता मला म्हणाली, “तुमी ते पानवाले?”

“हो. चूक माझी होती गं. या पोरींची नाही.”

“ह्या यायला पायजे होत्या ना इचारायला. वाट काय बंद नवती.”

“आले नवते का?” वनिता उसळली. “तू रानात गेलेली. तुझ्या आयेला इचार!”

आई भाकरी थापता थापता म्हणाली, “आलेली गो. मीच इसरले सांगायला.”

मंजुळा थोडी हसल्यासारखी झाली. मग दोघी चुलीपाशी जाऊन बसल्या, हळू आवाजात भांडल्या, मग नुसत्याच बोलत राहिल्या. मी निघालो तेव्हा मंजुळा वाटेपर्यंत आली.

“परीक्षेला बस,” मी म्हटले. “फॉर्म भरला आहेस ना.”

“बसंन. पन लाकडं कोन आननार? पान असलं तर पाळ्या लागतात. तोंडी ठरवलं का भांडनंच होतात आमची.” ती थांबली. “किती दिवस लागतील, सर?”

“आठवडाभर.”

तिने मान हलवली आणि परत फिरली.

मुरबाडहून कल्याणच्या एसटीत मला खिडकीची जागा मिळाली होती. बाहेर काय होते ते मला सांगता येणार नाही, कारण मी बघितलेच नाही. पहिल्या लेखातले ‘सोनेरी संध्याप्रकाशात न्हालेले रान’ मी घरी बसून लिहिले. बसमध्ये मी मनात नवे पान आखत होतो. नाव वर की डावीकडे? बसची खूण चित्राने दाखवावी का? इतका उत्साह मला कित्येक वर्षांत वाटला नव्हता.

घरी पोहोचताच नितीनला फोन केला. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, “सर, तोवर जुनं पान चालू करून देऊ का? लगेच होईल.”

मी म्हणालो, “नको रे. जुन्यात भरतील आणि नवं आलं की सगळं पुन्हा करावं लागेल. द्यायचं तर चांगलंच देऊ.”

नितीनला दोष नाही. तो नोकरी सांभाळून करत होता. मीच त्याला दर दोन दिवसांनी बदल सांगत होतो. संस्थेच्या लोकांना दाखवले, त्यांना ते सगळ्याच कॉलेजांसाठी हवे झाले, त्यांच्याही सूचना आल्या. लाल गेले. घड्याळ गेले. एकाच पानावर अनेकांची नावे घालता येऊ लागली. वनिताने सांगितलेली एकही गोष्ट मी सोडली नाही. पान सुरू झाले तेव्हा बारावीचे निम्मे पेपर होऊन गेले होते.

मी दत्ताला फोन लावला.

“झकास झालंय काका,” तो म्हणाला. “वनी म्हनते, आमी सांगितलं तसंच केलंय सरांनी.”

“परीक्षेला बसल्या ना सगळ्या?”

“तिघी बसल्या.”

“मंजुळा?”

“ती यायची मधी हितं. पायी यायची टोकावड्यापर्यंत, मग बसनी. मी म्हनायचो, अजून नाय आलं गो. मग नाय आली.” मागे कुणीतरी झेरॉक्स मागत होते. दत्ता म्हणाला, “ठेवू का काका?”

पुढे ती वेबसाइट बऱ्याच कॉलेजांत गेली. ठाण्याला एका समारंभात मला शाल-श्रीफळ मिळाले. खेड्यातल्या विद्यार्थ्यांचे म्हणणे ऐकून घेणारा शिक्षक, असे माझ्याबद्दल बोलले गेले, आणि मी नमस्कार केला. मंजुळा पुढे परीक्षेला बसली की नाही, मला माहीत नाही. दत्ताचा नंबर कितीतरी वर्षे माझ्यापाशी होता. विचारायचे धैर्य झाले नाही.

मुलांचे ऐकून घेतले, हे मात्र मी तेव्हा मनापासून मानत होतो. शहापूरच्या मुलांचे ऐकले, वनिताचे ऐकले, दत्ताचेही ऐकले. त्यांनी जे जे सुचवले ते केले. मंजुळाने मला काहीच सुचवले नव्हते. तिने फक्त विचारले होते, किती दिवस लागतील.